आडरानांतील एक केबिन

रात्रीच्या प्रवासांत कुर्डुवाडीस किंवा मिरजेस गाडी बदलण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर केव्हांना केव्हां आला असेल. मुलें वळकटीवर निजलेलीं आहेत, फिरकीच्या तांब्यांतील पाणी संपत आलें आहे, आणि दुसरी गाडी केव्हां येणार याचा कोणासच नीट पत्ता नाहीं, अशा वेळीं फलाटाच्या टोंकाशीं उंचावरच्या एका कांचेच्या खोलींत दिवा जळत असलेला दिसे. आंत एकच मनुष्य. तो मधूनच पुढें होई, एक लोखंडी खटका दोन्ही हातांनीं जोर लावून मागें ओढी, आणि दूर अंधारांत एक तांबडा दिवा हिरवा होई. मुलांपैकीं एखादें जागें असलें तर तें विचारी, "तो तिथें काय करतो?" वडील मंडळी म्हणत, "सिग्नल देतो, नीज आतां." एवढ्या उत्तरावर आमचेंही लहानपण भागलें. पुढें वाचनाचा नाद लागल्यावर मात्र आम्हांस असें आढळून आलें कीं, त्या मुलाच्या प्रश्नाला याहून पुष्कळ मोठें उत्तर आहे. आणि तें रेल्वेपुरतेंच नसून चार माणसें जेथें एकत्र नांदतात अशा कोणत्याही घरास लागू पडणारें आहे.

म्हणून या महिन्यांत आम्ही अशाच एका केबिनीचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों. ही केबिन आपल्या देशांतील नव्हे. उत्तर इंग्लंडांतील डोंगराळ मुलखांत, वस्तीपासून दूर असलेल्या एका जंक्शनावर ती उभी आहे. त्या स्टेशनाचें आजचें नांव गार्सडेल. परंतु १९३२ सालापूर्वीं त्यास हॉज जंक्शन म्हणत, आणि रेल्वेच्या इतिहासांत तें त्याच नांवानें ओळखलें जातें.

या जंक्शनाचा जन्मच कांहींसा अनिच्छेनें झाला. मिडलंड रेल्वे कंपनीस स्कॉटलंडकडे जाणारा स्वतःचा मार्ग हवा होता. म्हणून १८६६ सालीं तिनें सेटल ते कार्लाईल अशी लाईन टाकण्याची परवानगी पार्लमेंटाकडून मिळविली. पुढें प्रतिस्पर्धी कंपनीशीं तडजोड होण्याचा रंग दिसूं लागतांच हा खर्चाचा व्याप टाळावा असें तिच्या मनानें घेतलें. परंतु १८६९ सालीं पार्लमेंटानें तिला मागें फिरूं दिलें नाहीं, आणि घेतलेलें काम तडीस नेणें भागच पडलें. बहात्तर मैलांची ही लाईन उघड्या डोंगरांतून, दलदलींवरून आणि बोगद्यांतून नेतांना हजारों मजूर झोपड्या घालून वर्षानुवर्षें तेथें राहिले, आणि अपघातांनीं व देवीच्या सांथीनें त्यांतील कित्येक तेथेंच दगावले. हॉज जंक्शनाच्या उत्तरेस एक मोठी दलदल आहे. तींत मातीचा भराव घालून वरून रूळ न्यावे असा मूळ बेत होता. पण कितीही माती ओतली तरी दलदल ती गिळीतच राहिली, आणि अखेर बारा कमानींचा दगडी पूल बांधावा लागला. १८७६ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस उतारूंच्या गाड्या या मार्गानें धांवूं लागल्या. १८७८ सालीं हॉज या बाजाराच्या गांवाकडे जाणारा सहा मैलांचा फांटा येथें येऊन मिळाला, आणि एका आडरानास 'जंक्शन' ही पदवी प्राप्त झाली.

पदवी मोठी असली तरी गांव असें तेथें नव्हतेंच. रेल्वेच्या नोकरांसाठीं बांधलेलीं कांहीं घरें, हीच काय ती वस्ती. परंतु जेथें कुटुंबें राहतात तेथें संसार आपली सोय लावून घेतल्यावांचून राहत नाहीं. उतारूंच्या खोलींत प्रार्थना होत. इंजिनांना पाणी देणारी जी मोठी टाकी होती, तिच्या खालच्या दगडी खोलींत मंडळी जमून नाचगाणें व मेजवान्या करीत. वाऱ्याचा जोर तर इतका कीं, इंजिनाचें तोंड फिरविण्याच्या चक्रावर एकदां एक इंजिन वाऱ्यानेंच गरगर फिरूं लागलें व कांहीं केल्या थांबेना, अशी गोष्ट तेथें सांगत असत. गोष्टींत मीठमसाला किती तें देव जाणे. पण त्या चक्राभोंवतीं जुन्या लांकडी स्लीपरांचें उंच कुंपण उभें केलेलें होतें, हें मात्र खरें.

हें फिरतें चक्र तेथें असण्याचें कारण पुढील हकीकतीशीं निगडित आहे. मिडलंड कंपनीचा कल लहान इंजिनें बांधण्याकडे होता. या लाईनीवर दोन्ही बाजूंनीं लांबलचक चढ असून सर्वांत उंच जागा, एस गिल, समुद्रसपाटीपासून ११६९ फूट आहे. ती हॉज जंक्शनापासून उत्तरेस अवघी तीन मैल. जड गाडी एका लहान इंजिनाच्यानें चढेना, म्हणून तिला पुढें आणखी एक इंजिन जोडीत, माथ्यावर आल्यावर तें सोडवीत, हॉज जंक्शनावर त्याचें तोंड फिरवीत, आणि मोकळेंच परत पाठवीत. त्यामुळें या लहानशा स्टेशनावर रात्रंदिवस सुट्या इंजिनांची ये-जा चाले. हीं सर्व इंजिनें, धांवत्या गाड्यांच्या आड न येऊं देतां, इकडून तिकडे हलविण्याचें काम केबिनवाल्याचें. पूर्वीं तेथें दोन लहान केबिनी होत्या. १९१० च्या जुलै महिन्यांत त्या काढून त्यांच्या जागीं चाळीस खटक्यांची एकच नवी लांकडी केबिन उभारण्यांत आली. तीच ही केबिन.

आतां केबिनींत काय चालतें तें थोडक्यांत सांगतों. लाईनीचे तुकडे पाडलेले असतात, आणि एका तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी, हा सर्व कायद्यांचा पाया आहे. मागच्या केबिनीकडून घंटेचे ठोके येतात: 'गाडी घेतां काय?' तुकडा मोकळा असला तर हा तसेच ठोके देऊन ती पत्करतो, आणि पुढच्या केबिनीस हाच प्रश्न करतो. प्रत्येक ठोक्याची वेळ वहींत लिहावयाची. खटके खालच्या बाजूस एकमेकांशीं अशा रीतीनें जखडलेले असतात कीं, सांधा एका बाजूस व सिग्नल दुसऱ्या बाजूस अशी विसंगति हातून होऊंच नये. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिरानें अशा जखडणीचें पेटंट १८५६ सालीं घेतलें, आणि १८८९ सालीं आयर्लंडांत आर्मा येथें भयंकर अपघात झाल्यावर त्याच वर्षीं कायद्यानें या सर्व गोष्टी सक्तीच्या झाल्या. म्हणजे १९१० सालची ही नवी केबिन त्या काळच्या मानानें सर्व साधनांनीं सज्ज होती. उणीव एकच होती. खटक्यांना एकमेकांची ओळख होती, पण रुळांवर काय उभें आहे हें त्यांना कळत नव्हतें. तें ज्ञान केबिनवाल्याच्या डोळ्यांत व डोक्यांत असे. आणि अंधाऱ्या रात्रीं तर केवळ डोक्यांतच.

१९१० च्या डिसेंबरची २४ तारीख, नाताळचा आदला दिवस. सणामुळें गाड्यांची गर्दी होती, आणि केबिनींत आल्फ्रेड सटन नांवाचा केबिनवाला आदल्या रात्रीं आठ वाजल्यापासून कामावर होता. त्याची दहा तासांची पाळी सकाळीं सहाला संपावयाची. पहांटेच्या त्या वेळीं त्याच्या हाताखालीं एकूण नऊ सुटीं इंजिनें होतीं. कोणाचें तोंड फिरवावयाचें, कोणास दक्षिणेकडे लावावयाचें, कोणास बाजूच्या रुळावर ठेवावयाचें, आणि मधून मोठ्या गाड्या सोडावयाच्या, असा सारखा घोळ चालला होता. त्यांपैकीं दोन इंजिनें कार्लाईलकडे परत जावयाचीं होतीं. साडेपांचाच्या सुमारास सटननें तीं एकमेकांस जोडून मुख्य रुळावर उत्तरेच्या शेवटच्या सिग्नलापर्यंत नेलीं व तेथें उभीं केलीं. पुढें गेलेली गाडी एस गिल ओलांडून गेली कीं यांना सोडावयाचें, असा त्याचा विचार होता. इतक्यांत दुसरीं कामें आलीं. आणि काळोखांत उभीं असलेलीं तीं दोन इंजिनें त्याच्या मनांतून साफ उतरलीं.

थोड्या वेळानें मागच्या डेंट केबिनीकडून घंटा वाजली. लंडनहून मध्यरात्रीं निघालेली ग्लासगोची एक्सप्रेस येत होती. सटननें ती पत्करली, एस गिलला विचारलें, तेथूनही होकार आला, आणि त्यानें आपले सर्व सिग्नल एकामागून एक दिले. उभ्या इंजिनांपुढच्या सिग्नलाचा हात पडला. त्यांना वाटलें, हा आपल्यासाठींच. तीं रमतगमत निघालीं. त्यांच्या पाठोपाठ दोन इंजिनें जोडलेली एक्सप्रेस पूर्ण वेगानें स्टेशन ओलांडून गेली, आणि दीडएक मैलावर बोगद्यापलीकडे तिनें त्यांना गांठलें. डबे एकमेकांत घुसले. त्यांत गॅसचे दिवे होते, तो गॅस पेटला, आणि बारा प्रवासी मृत्युमुखीं पडले.

इकडे एस गिलकडून गाडी पोंचल्याची खूण येईना. सटननें वही पाहिली. तीं दोन इंजिनें रवाना झाल्याची नोंद तींत कोठेंच नव्हती. उत्तरेच्या आकाशांत तांबडा उजेड दिसत होता. सहाच्या सुमारास पाळी बदलण्यास दुसरा केबिनवाला आला, तेव्हां सटननें त्यास सांगितलें कीं, स्टेशनमास्तरांकडे जा आणि त्यांना सांग, स्कॉटलंडची एक्सप्रेस माझ्या हातून बुडाली असें मला भय वाटतें. पुढें चौकशींतही त्यानें लपवाछपवी केली नाहीं. आपण विसरलों, असें त्यानें उघड कबूल केलें.

येथवर वाचून आमचे बहुतेक वाचक निकाल देऊन मोकळे झाले असतील: 'दोष सटनचा.' आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें, आणि तें खोटेंही नाहीं. परंतु चौकशीचे अधिकारी मेजर प्रिंगल यांनीं एवढ्यावरच कागद मिटला नाहीं. त्यांनीं विचारलें कीं, सटन विसरला हें खरें. पण त्याला आठवण करून देण्याचें काम कोणाचें होतें?

असें काम एका माणसावर सोंपविलेलें होतें. इंग्लंडांतील रेल्वेच्या नियमांत पंचावन्न क्रमांकाचा एक प्रसिद्ध नियम होता. सिग्नलापाशीं गाडी किंवा इंजिन अडून राहिलें तर शिटी वाजवावी. तेवढ्यानें काम झालें नाहीं तर फायरमननें किंवा गार्डानें उतरून पायीं केबिनीपर्यंत जावें आणि 'आम्ही येथें उभे आहों' असें केबिनवाल्यास समक्ष सांगावें. त्या पहांटे सटन विसरल्यापासून सिग्नल पडेपर्यंत सुमारें पाव तास गेला. दोन इंजिनांवर मिळून दोन ड्रायव्हर व दोन फायरमन असे चार अनुभवी पुरुष होते. चौघांनाही नियम ठाऊक होता. एकही खालीं उतरला नाहीं.

कां उतरला नाहीं, याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. बाहेर हिंवाळ्याची काळोखी पहांट, आणि इंजिनावर भट्टीची ऊब. शिवाय मनांत असें कीं, त्यानेंच तर आपल्याला येथें आणून उभें केलें. तो कसा विसरेल? आतां इतक्यांत सिग्नल पडेल. उगीच त्याला जाऊन काय सांगावयाचें? जुना जाणता मनुष्य, त्याला राग यावयाचा. हे विचार त्या चौघांच्या मनांत शब्दशः आले होते असें आमचें म्हणणें नाहीं. पण अशा जागीं आम्ही असतों तर आमच्या मनांत हेच आले असते, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों.

तिसरा दोष कंपनीचा. रुळांवर काय उभें आहे हें केबिनीस कळविण्याची युक्ति तेव्हां नवी नव्हती. अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यानें तिचें पेटंट १८७२ सालीं, म्हणजे या अपघाताच्या अडतीस वर्षें आधीं घेतलें होतें. युक्ति फार सोपी आहे. रुळांच्या एका तुकड्यांतून विजेचा अगदीं मंद प्रवाह सोडावयाचा. तुकडा मोकळा असेपर्यंत तो प्रवाह टोंकाच्या चुंबकास पोंचतो. त्यावर एखादें चाक आलें कीं, एका रुळांतील प्रवाह चाकाच्या लोखंडी आंसामधून दुसऱ्या रुळांत उतरतो, चुंबक निर्जीव होतो, आणि केबिनींतील खटका जागच्या जागीं अडकून बसतो. मग केबिनवाला कितीही विसरला तरी सिग्नल पडूंच शकत नाहीं. घरांत औषध असून रोग्यास मिळूं नये, तसा हा प्रकार झाला. डब्यांतील गॅसचेंही तेंच. विजेचे दिवे उपलब्ध होते. पण चालतें तें चालूं द्यावें ही वृत्ति. प्रिंगल यांनीं दोन्ही गोष्टींकडे बोट दाखविलें. कंपनीनें हॉज जंक्शनावर व आपल्या मार्गावर इतरत्रही ही विजेची राखण बसविली. मात्र गॅसच्या दिव्यांबाबत दिरंगाई झाली. आणि १९१३ च्या सप्टेंबरांत याच लाईनीवर, एस गिलजवळ, एका अडलेल्या गाडीवर मागून दुसरी आदळली, तेव्हां पुन्हां आग लागून सोळा माणसें गेलीं. अर्धा धडा शिकणें म्हणजे धडा न शिकणेंच, हें त्या डोंगरानें तीन वर्षांत दुसऱ्यांदां सांगितलें.

येथें कोणी म्हणेल कीं, नियम पाळला असता म्हणजे झालें. पण नियम पाळण्याचेही दोन प्रकार आहेत. कार्लाईलच्या उत्तरेस, स्कॉटलंडच्या सीमेलगत क्विंटिन्सहिल म्हणून अशीच एक एकाकी केबिन होती. १९१५ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस तेथें एक लोकल गाडी मुख्य रुळावर उभी करून ठेवली होती. तिचा फायरमन नियमाप्रमाणें केबिनींत गेला, वहींत सही केली आणि परतला. केबिनवाला तर पाळीवर येतांना त्याच लोकलमधून आलेला. तरी तो तिला विसरला, आणि सैनिकांच्या गाडीस त्यानें सिग्नल दिला. तीन गाड्या व पुढें आणखी दोन अशा त्या अनर्थांत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. ब्रिटनच्या रेल्वेवर एवढा मोठा अपघात दुसरा झाला नाहीं. तेथें खटक्यांत अडकविण्याच्या लोखंडी कड्या होत्या. रूळ अडलेला असला कीं त्या खटक्यास कडी घालावयाची, म्हणजे हात आपोआप अडतो. आपल्या बायका आठवणीसाठीं पदरास गांठ मारतात, तशीच ही गांठ. ती मारलीच गेली नव्हती. आणि सही करणाऱ्या फायरमननें 'कडी घातली काय?' असें विचारलें नाहीं. वहींत सही होती, शाई होती, वेळ होती. आठवण तेवढी नव्हती.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तिच्यामागोमाग हे खटके, घंटा आणि वह्या इंग्लंडांतूनच इकडे आल्या. सिग्नलापाशीं गाडी अडली तर शिटी वाजवावी व अखेर माणूस पाठवून आपली खबर द्यावी, हा नियमही आला. आणि खटक्यांत घालावयाच्या कड्या आमच्याकडील जुन्या केबिनींतूनही असत. आतां पुष्कळ ठिकाणीं खटके जाऊन बटणें व विजेचे पडदे आले आहेत. त्यामुळें विसराळूपणाचें भय पुष्कळ कमी झालें, यांत शंका नाहीं. परंतु यंत्राची आठवण हीसुद्धां कोणा माणसानेंच त्याला शिकविलेली असते. २ जून २०२३ रोजीं ओरिसांत बहानगा बाजार स्टेशनावर सिग्नल सरळ जाण्यास सांगत होता आणि सांधा मात्र बाजूच्या रुळाकडे वळलेला होता. सिग्नलाच्या तारांच्या जोडणींत फेरफार करतांना राहिलेल्या चुकीमुळें हें झालें, असें चौकशींत दिसून आलें. दोनशें नव्वदांहून अधिक जीव गेले. तारा जोडणाऱ्याचें काम दुसऱ्यानें तपासणें, आणि तपासल्याचा राग न धरणें, याला पर्याय अजून निघालेला नाहीं.

हॉज जंक्शनाची पुढील कथा थोडक्यांत सांगतों. १९५९ सालीं हॉजकडचा फांटा बंद झाला, आणि जंक्शन नांवापुरतेंही उरलें नाहीं. १९७० सालीं स्टेशनही बंद पडलें. १९८३-८४ च्या सुमारास सबंध लाईनच मोडीत काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हां हजारों लोकांनीं हरकती पाठविल्या. त्यांत रुस्वार्प नांवाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. तो नित्य उतारू असल्यामुळें त्याचीही हरकत नोंदली गेली. १९८९ च्या एप्रिलांत लाईन वांचली. पुढल्याच वर्षीं त्या कुत्र्याचा धनी वेल्सच्या डोंगरांत फिरावयास गेला असतां तेथेंच वारला. अकरा आठवड्यांनीं त्याचें प्रेत सांपडलें, तों कुत्रा भर हिंवाळ्यांत त्याच्याजवळ बसून होता. २००९ सालीं त्या मुक्या प्राण्याचा पुतळा गार्सडेलच्या फलाटावर बसविण्यांत आला. स्टेशन १९८६ सालींच पुन्हां उघडलें होतें. आणि ती १९१० सालची केबिन शंभर वर्षें उलटून गेल्यावरही खटके ओढून गाड्या सोडीत होती. जेथें माणसाच्या विसरण्यानें बारा जीव गेले, तेथून थोड्याच अंतरावर न विसरणाऱ्या एका प्राण्याची मूर्ति आहे. हा योगायोगच, पण तो मनास लागून राहतो.

आतां घरची एक गोष्ट सांगून हें पुरें करतों. आमच्या घरीं एके काळीं पानास तेरा माणसें बसत. आत्याबाईंची रक्तदाबाची गोळी रात्रीं देण्याचें काम थोरल्या वहिनींकडे असे, आणि त्यांच्या हातून तें कधीं चुकलें नव्हतें. एका वर्षीं घरांत मुंज निघाली. पाहुणे, रुखवत, सोवळ्याचा स्वयंपाक, भटजींची यादी, या गर्दींत वहिनी दोन रात्री गोळी द्यावयास विसरल्या. धाकट्या वहिनींनीं दुसऱ्या रात्रीं कोनाड्यांतील गोळ्यांचें पाकीट पाहिलें होतें. गोळ्या कमी झालेल्या नाहींत हें त्यांच्या ध्यानांतही आलें होतें. पण थोरल्या जाऊबाईंना आपण काय विचारावयाचें, त्यांना काय वाटेल, या संकोचानें त्या गप्प राहिल्या. मुंजीच्या सकाळीं आत्याबाई घेरी येऊन उंबऱ्यावर पडल्या, आणि त्यांचा उजवा मनगट मोडला.

त्या दिवशीं घरांत जें बोलणें झालें तें सर्व थोरल्या वहिनींस. त्यांनीं तें निमूटपणें ऐकून घेतलें. धाकट्या वहिनी मात्र माजघरांत रडत बसल्या होत्या, आणि कां तें कोणासच कळेना. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन आत्याबाईंजवळ सारें सांगितलें. आत्याबाई थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं दोघींनाही बोलावून घेतलें आणि मुलांची एक जुनी पाटी कोनाड्याशेजारीं टांगावयास लावली. "थोरलीनें गोळी दिली कीं पाटीवर रेघ ओढावी. धाकटीनें निजतांना रोज मोठ्यानें विचारावें, रेघ ओढली का? आणि थोरलीनें रोज उत्तर द्यावें. कपाळास आठी घालूं नये." आत्याबाई त्यानंतर नऊ वर्षें जगल्या. प्रश्न रोज होई, उत्तर रोज मिळे. पहिला महिनाभर त्या प्रश्नानें दोघींचेही चेहरे उतरत. पुढें पुढें तो देवापुढच्या दिव्यासारखा घरांत नित्याचा झाला.

हॉज जंक्शनाची हकीकत आम्हीं वाचली तेव्हां आम्हांस प्रथम आठवली ती ही पाटी. एकत्र कुटुंबांत कामें वांटलेलीं असतात, आणि ज्याचें काम त्याच्यावर विश्वास टाकावा हें योग्यच. पण वडिलांस, थोरल्या जावेस, घरच्या कर्त्या पुरुषास आठवण करून देणें म्हणजे त्यांचा अधिक्षेप, अशी जी समजूत आपल्या घरांत मुरलेली आहे, तिचा हिशेब आपण एकदां घ्यावयास हवा. आठवण देणाऱ्यानें नम्रपणें द्यावी, यांत वाद नाहीं. परंतु ती ऐकणाऱ्यानें मन मोठें ठेवलें नाहीं, तर दुसऱ्या वेळीं ती द्यावयास कोणी येत नाहीं. घरांतील सर्वांत लहान सुनेनें किंवा शाळकरी मुलानें विचारलेल्या 'झालें का?' या प्रश्नास आपण कोणत्या स्वरांत उत्तर देतों, हें प्रत्येक वडील माणसानें या महिन्यांत आपल्याशीं तपासून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे. गोळीचें पाकीट, गॅसची कळ, रात्रींचें दाराचें कुलूप, बँकेंतील भरणा, यांपैकीं कोणत्या ना कोणत्या गोष्टीपाशीं तुमच्याही घरीं आज रात्रीं कोणीतरी बोलूं कीं नको अशा विचारांत उभें असेल. त्याला बोलूं द्यावें.